सिन्नरच्या पेट्या

एकदा एका विद्यार्थ्याच्या पोटात दुखू लागलं. औषधाने जावं असलं ते दुखणं नव्हतं. मैत्रिणीला आपल्यापेक्षा बरी जागा मिळाली की जे दुखतं, ते. आपण सभ्य माणसं त्याला मत्सर म्हणतो, आणि तो शेजाऱ्याला होतो असं धरून चालतो!

विद्यार्थ्याचं नाव कौस्तुभ. पुरवठा साखळी व्यवस्थापन, म्हणजे पोरं ज्याला सप्लाय चेन म्हणतात, त्याच्या पदवीचं शेवटचं वर्ष. या वर्षी सहा महिने प्रत्यक्ष कामावर जावं लागतं. औषधांच्या एका कंपनीने दोघांना घेतलं आणि जाहीर करून टाकलं, की सहा महिन्यांनी दोघांपैकी एकालाच नोकरीत ठेवू. त्याच्या वर्गातल्या हर्षदा भामरेला पुण्याचं मुख्य कार्यालय मिळालं. गार हवा, गळ्यात ओळखपत्र, समोर संगणकाचे दोन पडदे. कौस्तुभला मिळालं नाशिकजवळ आडगावकडचं गोदाम. पत्र्याचं छप्पर आणि दिवसभर पेट्या.

गुण कौस्तुभचे अधिक होते. हे तो स्वतःला सकाळ-संध्याकाळ सांगत असे, जणू संध्येचे मंत्र! हर्षदाने फोटो टाकला की तो मोठा करून बघायचा, तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा. आणि मग जेवण जात नसे. असं करून कुणाला काय मिळतं? काही नाही. तरी आपण करतो.

गोदामाचे प्रमुख होते तुळशीअण्णा. चाळीस वर्षं गाड्या भरण्यात गेलेला वृद्ध गृहस्थ. बोलणं थोडं, वाचणं फार. हाती आलेला प्रत्येक कागद ते उलटून पाहत. पहिल्याच दिवशी त्यांनी कौस्तुभला गाडी भरण्याचा नियम सांगितला होता. "जो माल आधी उतरायचा, तो शेवटी चढवायचा. म्हणजे तो दाराशी राहतो. पुण्याहून यादी येते ती रस्त्याच्या क्रमाने. आधी सिन्नर, मग संगमनेर, आळेफाटा, शेवटी नारायणगाव. आपण ती खालून वर वाचायची. नारायणगाव आधी चढेल, सिन्नर शेवटी."

एके दिवशी सकाळी यादी आली. माथ्यावर नाव होतं, 'तयार करणार: हर्षदा भामरे'. नाव वाचलं आणि कौस्तुभचं पोट नेहमीच्या जागी दुखलं. मग त्याची नजर खाली गेली आणि दुखणं एकदम थांबलं. यादी उलटी होती! नारायणगाव वर, सिन्नर सर्वांत खाली. गाड्या उलट्या क्रमाने भरतात हे बाईसाहेबांनी कुठेतरी वाचलं असणार आणि यादीच उलटवून पाठवली असणार. गोदाम ती खालून वाचतं हे पुण्यात कोण सांगणार? रिवाजाप्रमाणे खालून वाचली, तर सिन्नरचा माल आधी चढेल आणि थेट केबिनच्या भिंतीला टेकेल. एका तासावरच्या सिन्नरला गाडी पोचेल, आणि तिथल्या दवाखान्याच्या सलाइनसाठी भर रस्त्यात अख्खी गाडी उपसावी लागेल. बोभाटा होईल. कागदावर नाव हर्षदाचं.

कौस्तुभ गप्प बसला. खोटं बोलला नाही, काही बदललं नाही. नुसता गप्प बसला.

तो यादी वाचून आकडे सांगत गेला आणि हमाल पेट्या चढवत गेले. पेट्यांवर नुसते आकडे. कुठला आकडा कुठल्या गावचा, हे यादी हातात असणाऱ्यालाच ठाऊक. अण्णा दोनदा जवळून गेले, दोन्ही वेळा विचारलं, "यादी ठीक आहे ना रे?" कौस्तुभ म्हणाला, "हो अण्णा." तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "नीट बघितलीस?" तो म्हणाला, "बघितली."

गाडी भरली, ताडपत्री बांधली, ड्रायव्हरने चावी लावली. तेवढ्यात अण्णा समोर येऊन उभे राहिले. हमालांना म्हणाले, "जा, चहा घेऊन या. सावकाश या." ड्रायव्हरला म्हणाले, "तू पण जा." मग कौस्तुभकडे वळले. "सिन्नरच्या पाच पेट्या मला आणून दे."

"अण्णा, त्या पार आत गेल्या."

"मग काढ."

"सगळी गाडी उतरवावी लागेल! एकशे ऐंशी पेट्या आहेत."

"मला घाई नाही," असं म्हणून अण्णा स्टूल ओढून बसले.

कौस्तुभला काही उमगेना. चूक दिसली होती, तर म्हाताऱ्याने भरतानाच का नाही सांगितलं? आणि हे हमालांचं काम त्याच्याच डोक्यावर का? पण अण्णांपुढे बोलण्याची प्राज्ञा नव्हती. तो एकेक पेटी उतरवू लागला. पत्रा तापलेला, अंगाचं पाणी पाणी झालेलं. मनात शिव्या चालल्या होत्या. निम्म्या अण्णांना, निम्म्या हर्षदाला. स्वतःच्या वाट्याला एकही नाही, हे ध्यानात घ्या.

दीड तासाने सिन्नरच्या पाच पेट्या अण्णांच्या पायाशी आल्या. कौस्तुभ धापा टाकत म्हणाला, "माझी काय चूक अण्णा? यादीच तशी आली होती."

"तशीच आली होती. खरं आहे. शेवटपर्यंत वाचलीस?"

"वाचली की."

"मग तो मागे टाचलेला दुसरा कागद मोठ्याने वाच. मीच टाचलाय सकाळी."

कौस्तुभने पान उलटलं. त्यावर चारच ओळी होत्या. त्याने वाचायला सुरुवात केली. "क्रम मी उलटा करून पाठवते आहे. पहिल्यांदाच करते आहे, चुकलं असण्याची शक्यता आहे. पण तिथे कौस्तुभ आहे. तो आमच्या वर्गातला सगळ्यात हुशार, तो बघून..." पुढे त्याला वाचवेना.

अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो प्यायल्यावर ते बोलले, तेही हळू आवाजात.

"तीनदा विचारलं तुला. तू बोलशील म्हणून वाट पाहिली. सिन्नरला फोन केलाय. आजच्यापुरतं सलाइन त्यांच्याकडे आहे, गाडी माझ्यामुळे उशिरा निघतेय असं सांगितलंय. आता एक ऐक. माणसाचं मनही असंच भरलेलं असतं बाळा. दाराशी जे ठेवावं, ते आधी बाहेर पडतं. तू मत्सर दाराशी ठेवलास, म्हणून तिचं नाव वाचताच तोच आधी उतरला. तुझ्यात चांगुलपणा नाही असं मी म्हणणार नाही. आहे. पण तू तो पार आत भरलायस, केबिनला टेकवून. तिथवर पोचायला आज तुला एकशे ऐंशी पेट्या काढाव्या लागल्या. रोज कुठून काढशील?"

कौस्तुभच्या डोळ्यांतून पाणी आलं. घामात ते दिसलं नसतं, पण त्याने लपवलंही नाही. "अण्णा, मला तिचा फार हेवा वाटतो," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"वाटणारच. मला का वाटत नाही कुणाचा? मत्सर गाडीतून टाकून देता येत नाही. जागा तेवढी बदलता येते."

हमाल परतले. सर्वांनी मिळून गाडी पुन्हा भरली, नारायणगाव आधी, सिन्नर शेवटी. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर कौस्तुभने हर्षदाला फोन लावला. यादी का उलटी पडली ते सांगितलं. मग म्हणाला, "मला सकाळीच दिसलं होतं. मी मुद्दाम गप्प बसलो."

मग हर्षदा म्हणाली, "वाईट वाटलं." आणि पुढे, "गाडी नीट गेली ना? मग आता पुढची यादी कशी पाठवू, ते सांग." त्याने सांगितलं.

नोकरी कुणाला मिळाली, हे ही गोष्ट सांगितल्यावर मला हटकून विचारतात. लोकांना निकाल हवा असतो! तर ऐका, हर्षदाला मिळाली. कौस्तुभच्या पोटात दुखलं का? दुखलं, चांगलं दोन दिवस दुखलं. पण बातमी कळताक्षणी त्याने आधी तिला फोन करून मनापासून अभिनंदन केलं, आणि दुखणं मागून येऊ दिलं.

हे ऐकून तुळशीअण्णा एवढंच म्हणाले, "पोराला गाडी भरता आली."