तळहातावर थांबलेले उदक

पूर्वी कृतयुगात, धर्म चारही पायांवर उभा असताना, वेत्रस्वना नदीच्या तीरी और्णव नामक अंध महर्षींचा आश्रम होता. कदंबांच्या शीतल छायेत तेथे अखंड वेदघोष चाले आणि हरिणे निर्भयपणे पर्णकुटीच्या दारी येऊन बसत. त्या वनात दुर्विजय राजा मृगयेस आला. गवतात दडलेले एक हरीण काही केल्या बाहेर पडेना, म्हणून त्याने भर दुपारी पेटती चूड गवतात फेकली. "महाराज, वारा आश्रमाकडे वाहतो आहे," असे सारथ्याने दोनदा सांगितले होते. हरीण निसटले आणि और्णव जळून गेले.

ऋषिपत्नी ऋतंभरेच्या सांत्वनास राजा आला तो रेशमी उत्तरीय सावरीत. "माते, विधिलिखित कोणाला टळले आहे? विधात्याने करविले, मी निमित्तमात्र," म्हणाला. वा रे निमित्त! चूड याची, हात याचा, हौस याची, आणि खापर विधात्याच्या माथी!

ऋतंभरेला ना राज्य हवे होते, ना सूड. 'मी केले' एवढेच त्याच्या तोंडून हवे होते. पण राजा रथात बसून निघूनही गेला.

पुढे त्याने शंभरावा यज्ञ मांडला. तो पार पडला की इंद्रपद त्याचेच होते. संकल्पाच्या वेळी पुरोहितांनी त्याच्या तळहातावर पळीभर पाणी घातले व म्हटले, "राजन्, नावगोत्र उच्चारून 'मी हा यज्ञ करीन' म्हणा आणि उदक सोडा."

"थांब!" ऋतंभरा मंडपात शिरली. "कोणाचे नाव घेतोस? आग लावताना कर्ता विधाता, आणि इंद्रपद घेताना कर्ता तू? लाज कशी वाटत नाही रे तुला! वणवा त्याचा, तर हे यज्ञही त्याचेच. आणि यज्ञ तुझे असतील, तर आधी वणव्यावर नाव घे. तोवर हे उदक तुझ्या हातून सुटणार नाही, हा माझा शाप आहे!"

राजाने हात उलटा केला. एक थेंब खाली पडला नाही. घाबरून त्याने विधात्याचा धावा केला, तेव्हा हंसारूढ ब्रह्मदेव प्रकटले.

"देवा, सांगा हिला! माझ्या कपाळी आपणच लिहिले होते ना?"

"तुझे राज्य मी लिहिले, मृगयेची आवडही लिहिली. त्या दिवशीचा वारासुद्धा माझाच," ब्रह्मदेव म्हणाले. "पण चूड फेकावी की विझवावी, ती जागा मी कोरी सोडली होती. ती तू भरलीस."

"आणि तो वारा?" ऋतंभरा त्यांच्यावरही कडाडली. "माझे पती आंधळे होते, हे ठाऊक नव्हते का तुम्हाला?"

चारही मुखे खाली झाली. "त्याचा जाब मीच देणे लागतो, माते. तो याच्या माथी मारणार नाही."

देवाने आपला वाटा उचललेला पाहिला आणि राजाचे सगळे अवसान गळाले. "भारद्वाज गोत्रात जन्मलेला मी दुर्विजय," तो रडत म्हणाला, "ती आग मी लावली. सारथी सांगत होता, तरीही लावली." तत्क्षणी उदक खळकन ताम्हणात पडले. पण ते यज्ञाच्या नव्हे, वणव्याच्या नावे सुटले होते; इंद्रपद गेले ते गेलेच, आणि ऋतंभरेने त्याला क्षमाही केली नाही. तशी आज्ञा करण्याचे धाडस ब्रह्मदेवांनाही झाले नाही.

तेव्हापासून संकल्पात विधात्याचे नाव कर्ता म्हणून घेत नाहीत. कार्य कोणतेही असो, गुरुजी हातावर पाणी घालतात आणि आधी विचारतात, "तुमचे नाव काय?"