प्रसादाला डाव लावू नये

“चोर सोडून संन्याशाला फाशी, असा न्याय आहे का या मठात?” हरिहर ओरडला.

दाजीमहाराज स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून समोरच्या मायक्रोवेव्हकडे बघत होते. ते यंत्र कुणा भक्ताने मठाला दिले होते आणि हरिहरशिवाय त्याला कोणी हात लावत नसे.

हरिहरच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. परवा संध्याकाळी त्याने बंडोपंतांना दुपारच्या प्रसादाची खिचडी गरम करून दिली. बंडोपंत म्हणजे महाराजांचे गुरुबंधू, वय ऐंशीच्या पुढे. खिचडी खाल्ली आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, दवाखान्यात नेऊन सलाईन लावावे लागले. आज सकाळी ते परतले आणि मठातला जो तो हरिहरकडे बोट दाखवू लागला. हिवऱ्याच्या नव्या मठाची गादी त्याला मिळायची होती. ती आता हातची जाणार, या एका विचाराने त्याच्या जिवाचा नुसता संताप होत होता. बंडोपंत कसे आहेत, हे मात्र त्याने अजून विचारले नव्हते.

“खिचडी उकळत होती, महाराज. या डोळ्यांनी बघितलंय.”

“कुठं उकळत होती?”

“कुठं म्हणजे? वाडग्यात!”

“गरम कर.”

फ्रिजमधून काचेचा वाडगा आला. आजच्या प्रसादाची खिचडी, वर तुळशीचे पान. हरिहरने वाडगा आत ठेवला, बटण दाबले, घंटा वाजली. कडेने खिचडी रटरटत होती.

“बघा!”

“मधे बोट घाल.”

हरिहर मागे सरला. समाधीपुढे ठेवलेल्या प्रसादाला या मठात डाव लागत नाही. तुळशीपान पडले की ढवळायचे नाही, चाखायचे नाही, जसे आहे तसे पानात वाढायचे. नेम फार जुना, आणि त्याला तो महाराजांनीच शिकवला होता.

महाराजांनी त्याचे मनगट धरले आणि बोट खिचडीत खुपसले.

मधला गोळा थंडगार होता. परवा असेच शिळे, थंड घास बंडोपंतांच्या पोटात गेले होते.

“मग जास्त वेळ लावतो,” हरिहर चिडून म्हणाला.

“लाव.”

त्याने लावला. कडा वाळून काचेला चिकटल्या, करपल्याचा वास सुटला. मधे तरीही कोमटच.

“नेम तुमचाच ना?” हरिहर उसळला. “तुम्हीच म्हणालात, प्रसाद ढवळू नये. मी नेम पाळला आणि नालायक मीच?”

“माझा भाऊ मरत होता रे!” महाराज एवढ्या जोरात ओरडले की बाहेर भांडी घासणाऱ्या बाईचा हात थांबला. “नेम माझा, तर पापही माझं. ते मी फेडीन. पण तू... सकाळपासून एकदा तरी त्याच्या खोलीत डोकावलास?”

हरिहरचा राग तसाच होता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

महाराजांनी खिचडीचा दुसरा वाडगा काढला. तुळशीचे पान उचलून कपाळाला लावले. मग डाव घातला. गोळे फोडले, पाण्याचा हबका मारला, मधली खिचडी कडेला सारली आणि वर झाकण सैलसर ठेवले. यंत्र अर्ध्यावर थांबवून पुन्हा तळापासून ढवळले.

घंटा वाजली. हरिहरने दाराला हात घातला, तशी महाराजांनी त्यावर चापट मारली.

“वाजली की घंटा!”

“वाजू दे. आत अजून शिजतंय.”

दोघे उभे राहिले... कोणी कोणाकडे बघत नव्हते.

मग महाराजांनी वाडगा उचलला आणि थेट बंडोपंतांची खोली गाठली. म्हातारा उशीला टेकून बसला होता. गालफडे पार बसली होती.

“आणलंत एकदाचं? इथपर्यंत ऐकू येत होतं. भांडा नंतर, आधी खायला द्या.”

महाराजांनी चमचा हरिहरच्या हातात दिला. “तू खा. मधलं.”

“काकांच्या आधी? उष्टं होईल!”

“होऊ दे.”

हरिहरने घास घेतला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आले. बंडोपंतांनी हात लांब करून तोच चमचा घेतला आणि न पुसता खायला सुरुवात केली. म्हातारा भुकेने घाईघाईने खात होता, चमचा वाडग्यावर वाजत होता. ते बघता बघता हरिहरला स्वतःचीच भयंकर चीड आली.

“काका... कसं वाटतंय?”

“मीठ कमी आहे.”

हरिहर ताडकन महाराजांकडे वळला. “हिवऱ्याला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. मला नको ती गादी!”

“तूच जाणार. बंडूही येईल तुझ्याबरोबर. आणि रोज त्याच्या वाडग्यातला पहिला घास तुझा... मधला.”