अळणी माती

तरटेवाडीचा ओढा ओलांडून वर चढलं की हिवराच्या काटेरी झाडांचं बन लागतं. वाडीतलं माणूस गेलं की त्याला इथेच पुरतात. इथे चौथरा नाही, दगड नाही, नावाची पाटी नाही. प्रत्येक हिवराखाली कुणीतरी आहे, एवढंच. बनाच्या मधोमध मात्र माणूस आडवं होईल एवढी जागा उघडी आहे. पांढरट, भेगाळलेली. तिथे गवताची काडी उगवत नाही. शेजारचा एकच वाकडा हिवर तिच्यावर ओणवा झाला आहे.

पाहुणे आले की वाडीचे सिदूतात्या त्यांना आधी वहाणा काढायला लावतात, मग त्या उघड्या जागेपासून चार पावलं लांब बसवून तिची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी या माळावर ठकू आणि बिरू ही धनगराची भावंडं मेंढरं राखत, असं सांगतात. आईबाप गेले तेव्हा बिरू रांगत होता. ठकूने त्याला घोंगडीच्या खोळीत पाठीला बांधलं आणि कळपामागे चालता चालताच मोठं केलं. तिचे केस मुठीत धरल्याशिवाय त्याला झोप येत नसे. पुढे तो अंगाने थोराड झाला, पण उतावळाच राहिला. सांगितलेलं अर्धं ऐकायचा आणि पळत सुटायचा. ठकू त्याला अळण्या म्हणायची. तुझ्या डोक्यात मीठ घालायचं देव विसरलाच, म्हणायची, आणि आपली अर्धी भाकरी त्याच्या पुढ्यात सरकवायची.

एका उन्हाळ्यात मेंढरांना चाटायला घालायचं मीठ संपलं. बाजार दोन दिवसांच्या वाटेवर होता. ठकूचं अंग तेव्हा कसकसत होतं, पण तिने ते बोलून दाखवलं नाही. तट्टाचा कासरा भावाच्या हातात देताना ती एवढंच म्हणाली, "अळण्या, मीठ घेऊन लगीच ये. कुठं रेंगाळू नगंस."

बिरू रेंगाळला. बाजाराच्या गावी कुस्त्या होत्या. एक दिवस त्याने त्या बघितल्या, दुसऱ्या दिवशी स्वतःच फडात उतरला. जिंकलेला लाल फेटा आक्काला दाखवायचा म्हणून डोक्याला बांधून, दोन पोती मीठ तट्टावर लादून तो वाडीत आला. माणसं ठकूच्या दारात जमलेली होती. ठकू पहाटेच गेली होती. तापात ती शेजारणीला सारखी विचारत होती म्हणे, टापा ऐकू येतात का बघ गं.

खड्डा लखूआजा खणत होता. वाडीतले सगळे खड्डे तोच खणायचा. बिरू काठावर बसून राहिला. मग त्याने विचारलं, खाली हिचं काय होणार. लखूआजा खोटं बोलणारा माणूस नव्हता. आधी अंग फुगेल, मग बसेल, तो म्हणाला. डोळे जातील, मांस जाईल. किडेमुंग्या येतील, मुळं येतील. हाडं बरेच दिवस राहतील, मग त्यांचाही भुगा होईल. गेल्या साली म्हातारी मेंढी पुरली, तिथलं गवत बघितलंस ना.

बिरूने बघितलं होतं. त्या काळ्याशार गवतावर त्यानेच कळप चारला होता. पण ती मेंढी होती आणि ही आक्का होती. त्या केसांत मुंग्या शिरणार, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

तेव्हा खड्ड्यात चिमूटभर मीठ टाकायची रीत होती. सगळ्यांनी टाकलं. खड्डा मी बुजवतो, असं सांगून बिरूने माणसांना ओढ्यावर अंघोळीला धाडलं. मेंढीचं कातडं मीठ चोळून ठेवलं की सडत नाही, हे धनगराच्या पोराला शिकवावं लागत नाही. त्याने दोन्ही पोती खड्ड्यात रिकामी केली. डोक्यापासून पायापर्यंत एक बोटही मोकळं ठेवलं नाही. वर लाल फेटा अंथरला आणि माती लोटली.

मग तो ओढ्यावर आला तेव्हा लखूआजाला त्याची मिठाने पांढरी झालेली मूठ दिसली.

"हातात काय रं?"

"काय न्हाई," बिरू म्हणाला.

पाऊस आला. सगळा माळ हिरवा झाला, ठकूवर काही उगवलं नाही. दुसऱ्या साली तिथे पांढरा पापुद्रा धरला आणि मेंढरांना मिठाचा वास लागला. ठकूने वाढवलेला कळप तिच्याच अंगावर उभा राहून माती चाटू लागला. चाटून चाटून खळगा पडला. बिरू काठी घेऊन दिवसभर पहारा करू लागला. एकदा त्याने रागाच्या भरात काठी फेकून मारली आणि मेंढीचा पाय मोडला. ती ठकूच्या हातून दूध प्यायलेली मेंढी होती. लंगडत ती पुन्हा तिथेच आली आणि चाटू लागली. तेव्हा बिरूने काठी उचललीच नाही. मग त्याने लखूआजाला सगळं सांगितलं.

आजा त्या खळग्याशी येऊन बसला.

"लेकरा, तू तिला ठिवून घेतलीस. जायला वाटच ठिवली न्हाईस."

"बाहीर काढू?"

"न्हाई. आता तिला उकरायची न्हाई. माती तेवढी गोड करता आली तर बघ."

त्या दिवसापासून बिरूने तोंडाला मीठ लावलं नाही. वरची खारी माती तो खरवडून लांब टाकायचा आणि घोंगडीत भरून ओढ्याचा गाळ, लेंड्या वाहून आणायचा. बारा वर्षं त्याने हे केलं, असं सांगतात. दर उन्हाळ्यात मीठ पुन्हा वर यायचं.

मरताना त्याने वाडीला एकच गोष्ट मागितली. मला आक्काच्या शेजारी टाका. नुसत्या घोंगडीत. मीठ चिमूटभरही नको.

"रेंगाळू नगंस म्हणली हुती आक्का," तो म्हणाला. "आतातरी मला लवकर जाऊ द्या."

त्याच पावसाळ्यात लेंडीतून पडलेलं हिवराचं बी त्याच्यावर रुजलं. झाड सरळ वाढलंच नाही. ते पहिल्यापासून त्या पांढऱ्या जागेकडे कललं. मुळं तिच्यापर्यंत पोचली की नाही, ते कुणी उकरून पाहिलेलं नाही.

आजूबाजूच्या गावांत आजही खड्ड्यात मीठ टाकतात. तरटेवाडीत टाकत नाहीत. मेलेल्याला लोकरीच्या घोंगडीत गुंडाळतात, वर लेंड्या घालतात आणि हिवराचं बी लावतात. त्याला इथे अळणी माती देणं म्हणतात. माती लोटण्याआधी वाडीतलं वडीलधारं माणूस मेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाला विचारतं, "हातात काय?" त्याने दोन्ही तळवे उघडून दाखवायचे आणि म्हणायचं, "काही नाही."

आजही पहिल्या वेळी कुणाच्या तोंडून ते निघत नाही. मुठी मिटलेल्याच असतात. विचारणारा घाई करत नाही. तो थोडं थांबतो आणि पुन्हा विचारतो.