ताडीचे दुकान आणि सातूचे पीठ

फार पूर्वी तगर नगरात उदयसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका गाडीवानाच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव सोमिल. वयात आल्यापासून तो एका मोठ्या सार्थवाहाच्या तांड्यात बैल हाकीत असे. घाट उतरायचा, समुद्रकाठच्या बंदरात माल टाकायचा आणि परत चढून यायचे, असे त्याचे आयुष्य चालले होते. एका उतारावर गाडीचे चाक त्याच्या पायावरून गेले. पाय बरा झाला, पण चाल लंगडी राहिली. धन्याने त्याला चार गोड शब्द बोलून रजा दिली.

सोमिलाची बायको नागिला सूत कातीत असे. नवऱ्याची मजुरी आणि तिचे सूत यांतून पोटाला चिमटा घेऊन साठवलेली कार्षापण नाण्यांची एक थैली घरात होती. दुसऱ्याच्या दारी पुन्हा चाकरी करायची नाही, या थैलीतून आपला स्वतःचा लहानसा धंदा उभा करायचा, असे दोघांनी ठरवले. ठरवण्यावर दोघांचे एकमत होते. पुढे मात्र नागिलेच्या नाकी नऊ आले.

पहिल्यांदा ती म्हणाली, "शंखाच्या बांगड्या विकू या. माल हलका, बसून करायचं काम. तुमच्या पायालाही त्रास नाही."

सोमिल बाजारात गेला, बांगड्यांच्या आळीत दिवसभर बसला आणि संध्याकाळी परत आला. म्हणाला, "तगरात बांगड्या भरणाऱ्या बायका कमी आणि विकणारे जास्त झालेत. आज मी नुसता बसलो होतो, तर तिघांनी मलाच बांगड्या दाखवल्या."

मग नागिलेच्या भावाने घोड्यांचा बेत आणला. उत्तरेकडून घोडे येणार होते. ज्याला अख्खा घोडा परवडत नाही, त्याने चौथा हिस्सा घ्यावा आणि विक्री झाली की नफा वाटून घ्यावा, असा तो व्यवहार होता. सोमिलाने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "घोडा लंगडा निघाला, तर तो पाय कोणाच्या हिश्श्यातला धरायचा?" मेहुणा रागावून निघून गेला आणि बहिणीकडे यायचा बंद झाला.

रानातले लोक पोपट धरून आणीत आणि धनिक श्रेष्ठींच्या घरच्या बायका ते हौसेने घेत. नागिलेने तेही सुचवून पाहिले. सोमिल म्हणाला, "मी पायाने अडकलो तेव्हा घरात बसून काय वाटतं ते कळलं. उडणाऱ्याला मी बसवणार नाही."

"मग करायचं तरी काय?" नागिला विचारी.

"बघतो आहे," सोमिल म्हणे.

हे 'बघतो आहे' ऐकून ऐकून तिचा जीव मेटाकुटीला आला. नवरा शिव्या देत नाही, मारीत नाही, आळशीही नाही. सकाळी उठून काठी टेकीत जातो, सगळे नगर पालथे घालतो आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने आणि शांत चेहऱ्याने परत येतो. भांडायला जागाच ठेवीत नाही. पाणवठ्यावर शेजारणी विचारीत, "काय गं, ठरला का धंदा?" त्यांच्या विचारण्यातले हसू तिला दिसे. इकडे थैलीतून धान्य येत होते, तेल येत होते, आणि थैली हलकी होत चालली होती. धंदा सुरू होण्याआधीच भांडवल चुलीत जाणार, हे तिला दिसत होते. ती चरख्यावर दुप्पट वेळ बसू लागली आणि सूत तुटले की सुतावर चिडू लागली.

अशा वेळी पिंगल भेटला. नगराच्या पूर्व दरवाजाबाहेर, सैन्याच्या छावणीजवळ त्याचे ताडीचे दुकान होते. त्याला आता बंदरात मोठा व्यापार थाटायचा होता, म्हणून हे दुकान विकून टाकायचे होते. किंमत नागिलेच्या थैलीत बसेल एवढीच होती.

"बाई, गिऱ्हाईक शोधावं लागत नाही," पिंगल म्हणाला. "दार उघडायच्या आधी ते दारात उभं असतं. असा धंदा दुसरा दाखव."

त्या दिवशी जेवायला बसल्यावर नागिलेने नवऱ्याला सांगून टाकले, "मी पिंगलाचं दुकान घेणार. तुम्ही नाही म्हणालात तरी घेणार. तुमच्या बघण्याला अंत नाही आणि थैलीला आहे."

सोमिल उठला, थैली आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

"यात अर्धं तुझं आहे," तो म्हणाला. "पण अर्धं दुकान कोणी देत नाही, तेव्हा सगळी घे. त्या दुकानात मी बसणार नाही. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही, हे आत्ताच सांगतो. फक्त पैसे देण्याआधी एक दिवस तिथे बस. कोण येतं, काय घेऊन येतं, ते बघ. दुकान कसलंही असो, घेण्याआधी तेवढं बघावं."

नागिलेला वाटले, यापेक्षा हा ओरडला असता तर बरे झाले असते. थैली देतानासुद्धा याने बघायलाच लावले.

दुसऱ्या दिवशी ती पिंगलाच्या दुकानात जाऊन बसली. सकाळ छान गेली. सैनिक येत होते, थट्टा करीत होते, खणखणीत नाणी टाकीत होते. पिंगलाचा गल्ला भरताना पाहून नागिलेने मनातल्या मनात घराचे छप्पर शाकारले, एक गाय घेतली आणि पाणवठ्यावरच्या शेजारणींना दोन शब्द ऐकवले.

दुपार कलली आणि गिऱ्हाईक बदलले. आता येणाऱ्यांच्या हातात नाणी नव्हती. कोणी तांब्या आणला, कोणी विळा, कोणी कांबळे. एकाने बायकोचे वाळे आणले. पिंगल वस्तू उलटसुलट करून पाहायचा, त्या मानाने ताडी मोजायचा आणि वस्तू मागच्या खोलीत टाकायचा. त्याने नागिलेला ती खोली दाखवली. दारापासून छपरापर्यंत लोकांचे संसार रचलेले होते.

"खरी कमाई ही," तो म्हणाला. "सोडवायला शंभरात एखादा येतो."

तेवढ्यात एक हमाल खांद्यावर जात्याची वरची तळी घेऊन आला. त्याने ती धप्पकन जमिनीवर ठेवली. पिंगलाने तिच्याकडे धड पाहिलेही नाही, सरळ मडके उचलले. नागिलेने सहज दगडावर हात ठेवला. दगड कोमट होता. खाचांत पीठ होते. कोणी तरी दळत असताना ती उचलून आणली होती.

"नुसती वरची तळी घेऊन काय करणार?" तिने पिंगलाला विचारले.

"खालची उद्या येईल," पिंगल म्हणाला. "एकट्या तळीचं ते तरी काय करतील?"

नागिलेला पहिला राग आला तो नवऱ्याचा. याला हे ठाऊक होते. तोंडाने सांगितले असते तर जीभ झिजली नसती. मग तिला स्वतःचा राग आला, कारण सांगितले असते तर आपण ऐकले नसते, हेही तिला ठाऊक होते. ती उठली आणि म्हणाली, "ही तळी मला दे."

तिला ती हवी आहे हे दिसताच पिंगलाने ताडीच्या तिप्पट किंमत सांगितली. नागिला साऱ्या दिवसाच्या वैतागाने त्याच्याशी अशी भांडली की छावणीतले सैनिक ऐकायला जमले. शेवटी ताडीच्या किमतीत तळी सुटली.

"अशानं धंदा होत नसतो, बाई," पिंगल म्हणाला.

"तुझा होत नसेल," नागिला म्हणाली, आणि चुंबळ करून तळी डोक्यावर घेतली. हमालाचे घर विचारीत ती तांड्यांच्या तळाजवळच्या आळीत पोचली.

घरात हमालाची बायको रेवती खालच्या तळीसमोर बसली होती. अर्धवट भरडलेला सातू भोवती पसरला होता. ती रडत नव्हती. दारात तांड्यातले दोन गाडीवान उभे होते. त्यांनी भाजका सातू दळायला टाकला होता, तांडा निघायची वेळ झाली होती आणि ते तिला वाटेल तसे बोलत होते. नागिलेने तळी खाली उतरवली, बसवली, समोर बसली आणि खुंट्याला हात घातला. दोघींनी मिळून दळण संपवले. त्यांचे होते न होते तोच आणखी माणसे आली. पीठ तयार आहे का, विचारू लागली. रेवती सगळ्यांना नाही म्हणाली.

"रोज असे परत जातात?" नागिलेने विचारले.

"रोज. जातं एक, हात दोन. भाजायला मोठं खापर नाही, सातू घेऊन ठेवायला पैसा नाही. घाटात चूल पेटवायला सवड नसते, म्हणून त्यांना सातूचं पीठच लागतं. गूळपाणी घातलं की झालं. नाही मिळालं तर कच्चे दाणे चावत उतरतात."

नागिला घरी आली ती तणतणतच. "तुम्हाला माहीत होतं," ती नवऱ्याला म्हणाली.

"ताडीचं माहीत होतं," सोमिल म्हणाला.

तिने सातूची हकीकत सांगितली. सोमिल ऐकत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला. "जन्मभर कमरेला सातूच्या पिठाची पुरचुंडी बांधून मी तो घाट उतरलो," तो म्हणाला. "इतके दिवस सगळं नगर बघितलं, आणि हे काही दिसलं नाही."

नागिलेने कपाळावर हात मारून घेतला.

त्यांनी थैलीतले थोडेच पैसे काढले. एक मोठे खापर, आणखी एक जाते आणि सातूची काही पोती घेतली. बाकीचे बांधून ठेवायचे, नागिलेने बजावले, आणि या वेळी सोमिलाला बघण्यासारखे काही उरले नव्हते. रेवती हिश्श्याने कामाला आली. तिचे जाते नागिलेच्या घरी आणून ठेवले, कारण तिच्या नवऱ्याचे पिणे काही सुटले नव्हते. सोमिल तांड्यांच्या तळावर बसून पीठ विकू लागला. कोणत्या गाडीवानाला काय लागते, हे त्याला विचारावे लागत नसे.

म्हणून नागिलेचा वैताग संपला असे मात्र नाही. एका वर्षी नदीला मोठा पूर आला आणि तांडे नगराबाहेर अडकून पडले. बाकीच्या दुकानदारांनी धान्याचे भाव चढवले. सोमिलाने शेवटचे पोते रिकामे होईपर्यंत जुन्याच भावाने पीठ विकले. "अडलेल्या माणसाची भूक मी भोगली आहे," एवढेच तो म्हणाला. नवा सातू चढ्या भावाने घ्यावा लागला आणि त्या हंगामात हाती काही उरले नाही. नागिला त्याच्याशी कित्येक दिवस बोलली नाही, पण सातू भाजायचे तिने थांबवले नाही. पुढच्या वर्षी घाट चढून आलेले तांडे लंगड्याचे पीठ कुठे मिळते, असे विचारीत आले. हळूहळू त्यांचा संसार सुखाचा झाला. पिंगलाचे दुकान दुसऱ्या कोणी तरी घेतले आणि त्यानेही पुष्कळ पैसा केला. त्याचे पुढे काय झाले, ते या कथेत येत नाही.

जेतवन विहारातल्या भोजनशाळेची व्यवस्था पाहणारी उपासिका सोमा फार करवादते, अशी तक्रार काही भिक्खूंनी केली, तेव्हा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग तो म्हणाला, "तेव्हाचा पिंगल म्हणजे आज आपल्याला ताकाची मडकी भाड्याने देऊन दुप्पट पैसे मागणारा कुंभार. रेवती म्हणजे सोमेबरोबर भात शिजवणारी तिची मैत्रीण. नागिला म्हणजे सोमा. आणि सोमिल मीच होतो."

एका तरुण भिक्खूने विचारले, "भगवन्, सोमिल एवढे बोलणे ऐकूनही शांत राहिला. म्हणजे ही क्षांती पारमितेची, सहनशीलतेची कथा ना?"

"क्षांतीचीच," शास्ता म्हणाला. "पण सोमिलाची नव्हे. ज्याला राग येतच नाही, त्याला क्षांती कशाला लागते? जी रोज वैतागली आणि तरी रोज त्याच्या बरोबरीने कामाला उभी राहिली, त्या नागिलेची ती क्षांती."

भिक्खू उठले आणि भोजनशाळेत जाऊन पाणी भरू लागले.