बँडचे नाव लिलावात

एकदा एक वृद्ध वकील होते; एक तरुण शिष्य त्यांच्याकडे वकिली शिकत असे. भांडणे मिटवण्यात त्यांचा हातखंडा. त्यामुळे कमाई बेताची, झोप मात्र गाढ. एके दिवशी त्यांच्याकडे धोंडिराम तणतणत आला. बावीस वर्षे तो आणि दस्तगीर मिळून लग्नाचा बँड चालवत होते. धोंडिराम कामे मिळवी, दस्तगीर क्लॅरिनेट वाजवी आणि बाकीच्यांना शिकवी. भागीदारीचा कागद मात्र कधी झालाच नव्हता.

"यंदाच्या नफ्यात दस्तगीर मला पाव हिस्सा देतो म्हणे! 'छाती माझी फुटते, तू नुसता बोलतोस,' असं तोंडावर म्हणाला. मला कोर्टातून निम्मं पाहिजे, वकीलसाहेब."

"लवाद नेमला तर..." शिष्य बोलू लागला. गुरूंनी त्याला हातानेच थांबवले आणि सरळ दाव्याचा मसुदा लिहायला घेतला. शिष्य चकित झाला. सोपा उपाय हाताशी असताना गुरुजी हे काय करत होते?

मसुदा झाल्यावर गुरूंनी तो वाचून दाखवला. "भागीदारी विसर्जित करावी. वाद्ये, गणवेश आणि बँडचे नाव लिलावात विकावे. मग हिशेब करून वादीस निम्मा हिस्सा द्यावा."

"बँड मोडा असं कुठं म्हणालो मी?"

"एकाच हंगामाचा नफा तेवढा वेगळा तोडून कोर्ट सहसा देत नाही. सगळा संसार मोडूनच हिशेब मांडावा लागतो."

"आणि नाव कोण घेणार?"

"जास्त बोली लावील तो. खालच्या पेठेतला बँडवाला टपलेलाच आहे."

धोंडिरामने मसुदा दूर सारला. "मग दस्तगीर कुठं वाजवणार?" त्याने विचारले. "राहू द्या साहेब. दुसरं काही असेल तर सांगा."

"आता सांग लवादाचं," गुरू शिष्याला म्हणाले.

धोंडिराम गेल्यावर ते म्हणाले, "तू आधीच सांगितलं असतंस, तर तो लवादासमोरही दस्तगीरला पाडायलाच गेला असता. आता बँड राखायला जाईल. उपाय तोच आहे रे, पण अशिलाला आधी त्याचा जीव कशात अडकलाय ते कळावं लागतं."

लवादाने दोन तासांत निकाल दिला: वाजवण्याची मजुरी आधी दस्तगीरला, उरलेला नफा निम्मा-निम्मा. दोघे खूश झाले आणि एकाच सायकलवरून घरी गेले.

पुढे शिष्य मोठा वकील झाला. कोणी हिस्सा मागायला आले, की तो आधी विचारी, "तुम्हाला काय गमवायचं नाही, ते सांगा."