पोखरलेल्या आढ्याची भिक्षा

सावरदरे गावाच्या वेशीबाहेर एक लहानशी धर्मशाळा होती. त्या वर्षी माघ महिन्यात केशवगीर महाराज फिरत फिरत तिथे आले आणि राहिले. अंगावर एक घोंगडी, काखेला झोळी, समोर धुनी. एवढाच त्यांचा संसार. पण चेहरा काय प्रसन्न! नुसते समोर बसले तरी माणसाला बरे वाटायचे.

गावात ठकूबाई नावाची एक एकटी बाई राहत असे. नवरा जाऊन बारा वर्षे झालेली, मूलबाळ नाही. मोरी नावाची एक म्हैस हेच तिचे गोत आणि तिच्या दुधावरच तिची चूल पेटायची. धर्मशाळा झाडण्याचा नेम तिने कधी चुकवला नव्हता. एके सकाळी मात्र ती आली नाही. महाराज स्वतः तिच्या दारी गेले.

बघतात तो काय, रात्रीच्या वाऱ्याने गोठ्याचे छप्पर भुईसपाट झालेले! मोरी उघड्यावर उभी आणि ठकूबाई डोक्याला हात लावून बसलेली.

"काय गं ठके, आज झाडणं विसरलीस?" महाराज म्हणाले.

"महाराज, मोरीचे दिवस भरलेत. फाल्गुनात आपल्याकडं गारा पडतात. उघड्यावर व्याली तर आई राहायची नाही न् रेडकूही राहायचं नाही. मग मी तरी कशी जगू?" ठकूबाईला हुंदका आवरेना. "शिरपतरावांकडं जुनं सामान मागायला गेले, तर म्हणतात, तुझ्या गोसाव्याला सांग, फुंकर मारून उभं करील!"

हे शिरपतराव गावातले बडे प्रस्थ. नुकताच त्यांनी पत्र्याचा चकचकीत गोठा बांधला होता. पाहुणा आला की आधी गोठा दाखवायचे, मग पाणी विचारायचे!

महाराज खळखळून हसले. "फुंकर मारीन गं. पण आधी छप्पर तर हवं!"

दुसऱ्या दिवशी महाराज झोळी घेऊन निघाले. आजवर कुणी मागितली नसेल अशी भिक्षा त्यांनी मागितली. "माय, आज पीठ नको. दारात मोडकंतोडकं जे पडलं असेल ते वाढ."

बायका आधी पदर तोंडाला लावून हसल्या. मग कुणी परसातली जुनी कौले दिली, कुणी मोडक्या बैलगाडीच्या फळ्या दिल्या. एकाने विहिरीवरच्या फाटक्या मोटेचे चामडे आणि तिचा दोर आणून दिला. महाराज ते सगळे स्वतःच्या डोक्यावरून वाहत होते. दुपारपर्यंत सारे जमले, राहिले फक्त आढे. छपराच्या माथ्यावरचे ते मुख्य लाकूड, दोन्ही बाजूंचा भार त्याच्यावरच येतो.

महाराज शिरपतरावांच्या ओट्यापुढे उभे राहिले.

"आढं पाहिजे होय बाबाजी?" शिरपतराव गड्यांकडे डोळा घालून म्हणाले. "ते काय, उकिरड्यावर पडलंय. खुशाल न्या!"

वाळवीने चाळण केलेले लाकूड होते ते. गडी फिदीफिदी हसू लागले. महाराजांनी ते उचलून कपाळाला लावले आणि विचारले, "दिलंस ना?"

"दिलं की! पण सांभाळा हां, म्हशीनं अंग घासलं तर डोक्यावर येईल."

ते लाकूड पाहून ठकूबाईचा जीव खालीवर झाला. "महाराज, यात बोट आरपार जातंय हो! माझी मोरी याच्याखाली बांधू?"

"ठके, मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही. आज एवढं मागतो. हे राहू दे."

तिने पदराने डोळे पुसले आणि मोटेचा दोर आणून दिला. त्या दोराने आढे घट्ट बांधले गेले. गाडीच्या फळ्या बसल्या, वळचणीकडून वर कौले चढली आणि माथ्यावर मोटेचे चामडे आले. महाराजांनी आढ्याला धुनीची राख लावली आणि ते हळूच म्हणाले, "बाबा, आता तुझ्यावर आहे रे."

चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आभाळ काळेठिक्कर झाले. वारा असा सुटला की उभे राहवेना, आणि लिंबाएवढ्या गारा कोसळू लागल्या. शिरपतरावांचे नवे पत्रे कागदासारखे उडून पार ओढ्यापलीकडे गेले! उघड्या पडलेल्या बैलांवर गारांचा मारा सुरू झाला. पोटच्या पोरांसारखी जपलेली ती जोडी घेऊन शिरपतराव वाट फुटेल तिकडे पळत सुटले.

"अहो, तिकडं कुठं? इकडं आणा!" ठकूबाई गोठ्याच्या दारातून ओरडली.

दार ठेंगणे होते. बैलांना आत घालून शिरपतराव वाकून शिरले. आत मोरीला कळा लागल्या होत्या. वर गारांचा नुसता ताशा वाजत होता. त्यांनी मान वर केली आणि आढ्याकडे बोट केले.

"ठकूबाई, हे... हे तर माझं..."

"होय, तुम्हीच दिलेलं. आता वर बघू नका, रेडकाला हात लावा. मला एकटीला जमत नाही."

मग त्या बड्या माणसाने बाह्या सावरल्या आणि शेणात गुडघे टेकले. तासाभराने गारा थांबल्या तेव्हा ओली, थरथरती पारडी आईच्या कासेला लागली होती. छपराचे एक कौलही हलले नव्हते.

तेवढ्यात भिजलेली घोंगडी पांघरून महाराज आले. "बाळंतीण सुखरूप ना? आता जनावरं बाहेर घ्या, छपराला दोन टेकू लावा आणि त्या म्हाताऱ्या आढ्याला सोडा. दमलाय तो."

टेकू लागले. शिरपतरावांनी स्वतः दोर सोडला, आणि काय सांगावे! आढे हातात येताच भसकन् फुटले. आत लाकूड असे नव्हतेच, होती ती वाळवीची माती! एवढे छप्पर, एवढ्या गारा, कशाने पेलल्या?

शिरपतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "महाराज, मी थट्टेनं दिलं होतं हो!"

"थट्टा तुझ्या मनात होती बाळा," महाराज म्हणाले, "लाकडाच्या मनात नव्हती. तू 'दिलं' म्हणालास, त्यानं तेवढंच ऐकलं."

शिरपतरावांनी पटका उतरवला आणि त्या मातीतच महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. संध्याकाळी घरचे सागवानी आढे स्वतःच्या खांद्यावर घेऊन ते ठकूबाईच्या दारी परत आले. कपाळाला लागलेली वाळवीची माती त्यांनी अजून पुसली नव्हती.