वडाखालची गोष्ट

ऐकणाऱ्यांपासून गोष्ट अडवून ठेवायची अक्कल पहिल्यांदा ज्या कुणाला सुचली, त्याने साऱ्या रानाचं नुकसान केलं. फार पूर्वी ओढ्याच्या एका काठावर वड होता, दुसऱ्या काठावर चिंच. साळुंकी सांगायची ती लंगड्या वाघाची गोष्ट फक्त वडाखालीच ऐकायला मिळे. ते बघून चिंचेनेही गमती सांगणाऱ्या पोपटाला स्वतःकडेच बांधून घेतलं.

आधी गर्दी झाली. पण रोज ओढा ओलांडून दोन्हीकडे कोण धावणार? हळूहळू खारी, ससे, पाखरं घरीच बसू लागली. वडाची लाल फळं खाली सडू लागली, कारण ती खाऊन बिया दूर नेणारं कुणी उरलं नाही. साळुंकीची गोष्ट ऐन रंगात आली होती आणि समोर होता एकटा सरडा, तोही पेंगत.

"वडोबा, मला चिंचेकडेही सांगू द्या," साळुंकी म्हणाली.

"त्या आंबट बाईकडे? माझी गोष्ट?"

"गोष्ट मी रचली, तुमची फक्त सावली. आणि तिकडे ज्यांना ती आवडेल, ते पुढचा भाग ऐकायला इकडे येतील. आले की फळंही खातील."

वड सडक्या फळांकडे बघत राहिला. "जा," तो शेवटी पुटपुटला, "पण नवा भाग आधी इथेच!"

त्या संध्याकाळी चिंचेखाली पाय ठेवायला जागा नव्हती.

गोष्ट ऐकण्यासाठी चिंचेखालून गेल्या पावसाळ्यात निघालेली गोगलगाय नेमकी तेव्हाच वडापाशी पोचली. सरड्याने तिला सगळं सांगितलं.

"अहो," ती धापा टाकत म्हणाली, "हे शहाणपण मी निघायच्या आधी सुचलं असतं, तर काय बिघडलं असतं?"